खाली राहिलेला कागद

१

त्या दिवशी ऊन नव्हतं आणि पाऊसही नव्हता. पिळून ठेवलेल्या पण वाळत घालायची राहून गेलेल्या चादरीसारखं आभाळ करडं होतं. वारा इतका पडलेला की समोरच्या गच्चीतल्या दोरीवरचे कपडे माणसं उभी असावीत तसे सरळ लोंबत होते. सकाळ आहे की संध्याकाळ, हे घड्याळात बघितल्यावाचून कळू नये असा दिवस. अशा दिवशी माझे गुडघे बोलतात. मी चष्मा लावला, स्वेटर अंगात घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो, कारण नातीने सकाळीच बजावून ठेवलं होतं, की आबा, आज तुला चालवणार आहे, कुठे जाऊ नकोस.

चालवणार म्हणजे यंत्र करणार. ते नीट सांगतो.

माझं सगळं आयुष्य सामान हलवण्यात गेलं. लोक घरं बदलायचे आणि आम्ही त्यांची कपाटं, पलंग, आरसे एका जिन्यावरून उतरवून दुसऱ्या जिन्यावर चढवायचो. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकवली नातीने, तीही स्वतः पहिलीत असताना, घरी येऊन मला पट्टी दाखवत. त्यामुळे मी लिहितो तेसुद्धा जिना चढल्यासारखं, एकेक पायरी, मध्ये दम खात.

ती नात आता विद्यापीठात कॉम्प्युटर शिकते. त्यात एक विषय असा आहे, की कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं ते बघायचं आणि त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलायचं. त्या बोलीला असेंब्ली म्हणतात. तिच्यात 'या दोघांची बेरीज कर' एवढंही एका दमात सांगता येत नाही. हे उचल. तिकडे ठेव. ते उचल. यात मिळव. झालेलं तिसऱ्या जागी नेऊन ठेव. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, अगं, ही तर आमचीच भाषा. आमचा मुकादम दिवसभर दुसरं काही बोलायचा नाही. ती खूप हसली होती.

या विषयात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर पुढच्या वर्गात घेणार नव्हते, आणि तिसऱ्यांदा बसू द्यायची सोय नव्हती. तिच्या सरांनी सांगितलं, की ज्यांना प्रोग्राम डोळ्यांपुढे दिसत नाही त्यांनी तो हाताने चालवून बघावा. घरातल्या कुणाला तरी यंत्र म्हणून बसवा, पण असा माणूस निवडा की जो सांगाल तेवढंच करील, वर शहाणपणा करणार नाही. नात म्हणाली, असा माणूस आणू कुठून. माझी लेक, म्हणजे तिची आई, भाजी चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, तुझ्या आजोबांइतका सांगकाम्या तुला त्रिभुवनात मिळायचा नाही.

२

मांडणी अशी होती. टेबलावर चार रिकामे डबे, त्यांना क, ख, ग, घ अशी नावं. डब्यात एका वेळी एकच आकड्याची चिठ्ठी. टेबलाच्या कडेने ओळी चिकटवलेल्या, प्रत्येक ओळीला नंबर. मी पहिल्या ओळीपासून वाचायचं आणि लिहिलंय तसं करायचं. नात समोर बसून बघायची, पेन हातात.

एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून पटली नाही. डब्यात नवी चिठ्ठी टाकली की जुनी फेकायची. मी विचारलं, आधी होतं त्याचं काय झालं?

"ते गेलं, आबा."

"गेलं म्हणजे, ठेवलं कुठे?"

"कुठेच नाही. तिथे नवीन आलं ना. मग जुनं नव्हतंच असं समज."

आमच्या धंद्यात असं नसतं. खोलीत कपाट लावायचं तर आधीचं कपाट बाहेर निघावं लागतं, त्याला जिन्यावर, रस्त्यावर, कुठेतरी जागा लागते. नसलेलं कपाट मी कधी वाहिलं नाही. पण यंत्राला विचारतो कोण.

मग आला मागच्या खोलीचा भाग. एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर त्याच्या ओळी वेगळ्या ठेवतात. तिने त्या मागच्या खोलीत भिंतीला चिकटवल्या. स्वयंपाकघरातलं काम मध्येच थांबवून मी डबे ट्रेमध्ये घ्यायचे, मागच्या खोलीत जायचं, तिथलं काम उरकायचं आणि जिथून उठलो त्याच्या पुढच्या ओळीवर यायचं. आता यंत्राला आपण कुठून उठलो हे आठवत नाही. म्हणून उठताना नात एका कागदावर परतीच्या ओळीचा नंबर लिहून द्यायची. तो कागद मी मागच्या खोलीतल्या स्टुलावर रचलेल्या कागदांच्या चळतीवर ठेवायचो. तिथे काम करताना एखादा डबा वापरायला लागला तर त्यातली चिठ्ठीही त्या चळतीवरच ठेवायची आणि निघण्याआधी आठवणीने परत उचलून डब्यात टाकायची. शेवटची ओळ असते, 'परत'. परत म्हणजे चळतीचा सगळ्यात वरचा कागद उचलायचा आणि त्यावर जो नंबर असेल तिथे जायचं. मधला ओढायचा नाही, खालचा चाचपायचा नाही. वरचाच.

"आणि वर भलताच कागद असला तर?"

"तर यंत्र भलतीकडे जाईल."

"त्याला कळणार नाही?"

"त्याच्यावर आकडा असतो ना. आकडा आहे म्हणजे ते जातं."

मागच्या खेपेला तिच्या मांडणीत अशीच एक चूक होती आणि ती मला दिसली. मी गुपचूप सावरून घेऊन बरोबर ओळीवर आलो. नंतर तिला ते कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली. तू सांभाळून घेतोस म्हणून मला माझी चूक दिसत नाही, असं म्हणाली. मग जवळ येऊन माझ्या स्वेटरची वर गेलेली कॉलर नीट करत म्हणाली, "आबा, तू विचार करायचा नाहीस. शपथ आहे तुला. यंत्र विचार करत नाही."

३

तर त्या करड्या दिवशी आम्ही बसलो. लेक इस्पितळात गेली होती, ती तिथलं स्वयंपाकघर सांभाळते. घरात आम्ही दोघंच. नातीने मला चहा केला, दोन चमचे साखर, हळूच, आईला सांगू नकोस म्हणत. पहिल्या काही ओळी सुरळीत झाल्या. मग मागच्या खोलीची ओळ आली. तिने परतीचा कागद लिहिला. निळी शाई, मोठं अक्षर, मला वाचता यावं म्हणून. मी ट्रे उचलला आणि निघालो.

स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे एक फरशी उचकटलेली आहे. वर्षानुवर्षं. नवा माणूस तिथे हमखास ठेचाळतो. मी ठेचाळत नाही. माझं पाऊल तिथे आपोआप जरा वर उचललं जातं. सामान वाहणाऱ्याचं घर डोळ्यांत नसतं, पायांत असतं.

मागच्या खोलीला रस्त्याकडची खिडकी नाही. वर एक झरोका आहे, त्यातून त्या दिवशी उजेड कमी आणि आभाळच जास्त येत होतं. ट्रंका, गुंडाळलेली गादी, आणि मधोमध ते स्टूल. मी परतीचा कागद चळतीवर ठेवला. भिंतीवरची पहिली ओळ होती, घ मधला आकडा चळतीवर ठेव. ठेवला. परतीचा कागद त्याच्याखाली गेला. मग घ डब्यात काहीबाही बेरजा झाल्या. आणि शेवटची ओळ, परत.

घ चा आकडा परत उचलायची ओळ तिने लिहिलीच नव्हती.

मला ते लगेच दिसलं. वरच्या चिठ्ठीखालून तिच्या कागदाची कड बाहेर आली होती, निळ्या शाईचा एक फराटा दिसत होता. खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. म्हटलं, आज सापडली. आता मी हा भलताच आकडा घेऊन तिच्यासमोर जाणार, ती कपाळावर हात मारणार, आणि ही चूक जन्मात पुन्हा करणार नाही. मी वरचा कागद उचलला, तो आकडा मनात धरला, आणि सांगितल्याप्रमाणे विचार न करता निघालो.

दारात माझं पाऊल वर उचललं गेलं, आणि खाली यायला त्याला जरा जास्त वेळ लागला. काळोखात जिन्याची एक पायरी जास्त मोजावी तसा गुडघ्याला हिसका बसला. खाली पाहिलं. फरशी सपाट होती.

नात टेबलापाशी बसली होती. पेन हातात.

"आजोबा," ती म्हणाली, "झालं का तुमचं?"

४

मी वेडा नाही. वेडा माणूस असंच म्हणतो, हेही मला माहीत आहे. म्हणून मी पहिल्यांदा स्वतःलाच खोटं ठरवून बघितलं.

म्हटलं, फरशी लेकीने बसवून घेतली असेल. गवंडी कधी आला ते मला आठवत नसेल. मी तिला विचारलं, ही फरशी कधी बसवली गं? ती म्हणाली, कुठली फरशी? मी बोट दाखवलं. ती वाकून बघत राहिली, हरवलेली टाचणी शोधावी तशी. सांधा जुनाच होता. त्यात वर्षांचा मळ बसलेला.

म्हटलं, पोर मोठी झाली, आता चारचौघांसारखं आजोबा आणि तुम्ही म्हणायला लागली असेल. वयात आली की शहाणपण येतं. पण असं शहाणपण चहाचा कप निवण्याएवढ्या वेळात येत नाही. आणि कप माझ्यासमोर होता, अजून वाफ होती त्याला. मी घोट घेतला. चहात साखर नव्हती.

मी साखर मागितली तेव्हा ती हसली. "तुम्ही कधीपासून साखर घ्यायला लागलात?"

हसली ती अगदी माझ्या नातीसारखी. तोच चेहरा, तीच कपाळावरची कांजिण्यांची खूण. बाकी सगळं जागच्या जागी. भिंतीवर माझ्या बायकोचा फोटो होता आणि ती फोटोतून नेहमीसारखी माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे कुणाकडे तरी बघत होती. चार डबे माझ्या ट्रेमध्ये होते. टेबलावर ओळी चिकटवलेल्या होत्या. फक्त त्यांची शाई काळी होती.

संध्याकाळी लेक आली. तिच्या हाताला तोच इस्पितळातल्या साबणाचा वास. तिने मला नीट बघितलं, कपाळाला हात लावला आणि नातीला विचारलं, काय गं, यांना काय झालं?

मी त्या रात्री खुंटीवर स्वेटर टांगायला गेलो तर खुंटी रिकामी होती. म्हणजे इथे जो कुणी होता, तोही स्वेटर घालूनच उठला होता.

५

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, मला उलटे आकडे म्हणायला लावले आणि वय विचारलं. लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, की वयोमानाने असं होतं, घर परकं वाटतं, माणसं बदलल्यासारखी वाटतात, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं सगळं ऐकू आलं मला. कान चांगले आहेत माझे. तेव्हापासून माझ्याशी कुणी वाद घातला नाही. वाद घालायला कुणी नसणं फार वाईट असतं. भिंतीला टेकून उभं राहावं तर भिंतच मागे सरकावी, तसं.

समोरच्या दारात चष्मेवाले राहतात. चष्म्याचं दुकान मुलाच्या ताब्यात देऊन ते आता दिवसभर जिन्याच्या चौकात खुर्ची टाकून बसतात. ते मला मुकादम म्हणतात. मी कधीच मुकादम नव्हतो, पण एकदा म्हणाले ते म्हणाले. इथेही ते होते आणि इथेही मुकादमच म्हणत होते. त्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग गुडघ्यांची चौकशी केली.

या घरातली नात वाईट नाही, हे मला लिहून ठेवायचंय. तिने दुसऱ्या दिवसापासून माझ्या चहात साखर घातली आणि कारण विचारलं नाही. तिचं बोट कापलं तेव्हा मीच पट्टी बांधली आणि तिने लहानपणी धरायची तसा माझा अंगठा धरून ठेवला. लहानपणी म्हणजे कुणाच्या, ते मला नाही सांगता येणार. तिच्याकडे बघून माया वाटायची, आणि माया वाटली की लगेच मी नजर काढून घ्यायचो. कारण तिकडे माझी पोर टेबलापाशी बसली होती. आबा आता येईल आणि माझी चूक मला दाखवील, म्हणून पेन धरून.

मी तिच्याजवळ परत गेलो नव्हतो. तिच्याजवळ दुसरंच कुणी गेलं असेल का, हा विचार मला बरेच दिवस शिवला नाही. शिवला तेव्हा मी धुतलेले कप पुसत होतो. एक कप हातातून पडला.

मग मी स्वतःची समजूत घातली. गेला असेल तर गेला असेल. माझी पोर ओळखेल. तो बिनसाखरेचा चहा मागेल. तिने तू म्हटलेलं ऐकून तो दचकेल. दारातल्या फरशीवर तो पहिल्याच पावलाला आपटेल. तिने मला अक्षरं शिकवलीत, ती मला ओळखणार नाही तर कोण. ओळखलं की ती शोधेल, कारण चूक कुठे झाली हे तिला एकटीलाच सापडू शकतं. मला एवढंच करायचं होतं, वाट बघायची होती.

जिन्यावर अडकलेलं कपाट जसं, वर जात नाही, खाली जात नाही, आणि खाली खांदा देऊन आपण उभे.

६

परीक्षा जवळ आली तेव्हा इथल्या नातीने विचारलं, आजोबा, पुन्हा यंत्र व्हाल का, पण तुम्हाला त्रास होणार असेल तर नको. मी इतक्या घाईने हो म्हटलं की ती चमकली.

तिने कागद लिहून दिला. काळी शाई. मी मागच्या खोलीत गेलो. तोच झरोका, त्याच ट्रंका, तेच स्टूल. या वेळी तिच्या ओळी बरोबर होत्या. घ चा आकडा ठेवला, परत उचलला, वर तिचाच कागद आला. तो घेऊन मी निघालो, आणि आलो तो तिच्याच समोर. सपाट फरशीवरून.

"बरोबर," ती म्हणाली आणि खूण केली.

तेव्हा मला सगळं समजलं. मी अडाणी आहे, पण हे समजायला शाळा लागत नाही. कागद ज्या टेबलावर लिहिला जातो त्याच टेबलाकडे आणतो. माझ्या घरी नेणारा कागद एकच, निळ्या शाईचा. तो माझ्या पोरीने लिहिला होता आणि तो त्या दुसऱ्या मागच्या खोलीत, त्या दुसऱ्या स्टुलावर, चळतीत खाली राहिला. मी त्याच्यावरचा उचलून निघून आलो. आता इथे कितीही बरोबर वागलो तरी इथेच येणार. बरोबर वागण्याने घरी जाता येत नाही, असं हे घर होतं.

ती पास झाली. चांगल्या मार्कांनी. लेकीने तिला जवळ घेतलं, तिने मला जवळ घेतलं, म्हणाली, तुमच्यामुळे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिकडचीचं काय झालं असेल, हे मनात येऊ दिलं नाही. आलंच.

७

एका दुपारी दोघी बाहेर गेल्या होत्या. मी डबे काढले. ओळी तिने टाकून दिल्या नव्हत्या, मागच्या खोलीत भिंतीवर तशाच होत्या. मी स्वतःच टेबलापाशी बसलो, स्वतःच परतीचा कागद लिहिला, ट्रे घेतला आणि मागे गेलो. या वेळी मी मुद्दाम चुकणार होतो. घ चा आकडा ठेवायचा आणि उचलायचा नाही. कुठला आकडा ठेवावा हे मला माहीत नव्हतं. मला आणणारा आकडा मला आठवत होता, पण तो इथे आणणारा. परत नेणारा कुठला? मी चारही डब्यांतल्या चिठ्ठ्या ट्रेमध्ये ओतल्या, डोळे मिटून ढवळल्या आणि एक काढली. चळतीवर ठेवली. मग ती वरून उचलली आणि विचार न करता चालू लागलो.

मधल्या बोळातच मला आवाज आला. पेनाच्या टोपणाचा. उघड, बंद, उघड, बंद. माझी नात विचारात असली की असं करते. इथली करत नाही.

स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. मी उघडं टाकून आलो होतो. फटीतून टेबलाचा कोपरा दिसत होता, त्यावर निळ्या शाईचा डाग. आणि तिचा हात. मग तिचा चेहरा, बाजूने. ती वाळली होती. टोपण उघडबंद करत ती समोर बघत होती, आणि समोर, माझ्या खुर्चीवर, माझ्याकडे पाठ करून एक म्हातारा बसला होता. त्याच्या अंगात माझा स्वेटर होता. माझा नाही, तसलाच. त्याची कॉलर वर गेलेली होती.

ती त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. काहीतरी विचारायचं असावं आणि विचारू की नको असं झालेलं असावं, तशी.

मी तिला हाक मारली असती. तोंड उघडलंही होतं. आधी पाऊल पुढे टाकलं, आणि इतके दिवस सपाट फरशीची सवय झालेला माझा पाय उचललाच गेला नाही. उजवा अंगठा उचकटलेल्या फरशीवर आपटला. कळ मस्तकात गेली. मी वाकलो, डोळे मिटले गेले. टोपणाचा आवाज थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणाची, ते मला माहीत नाही.

मान वर केली तेव्हा स्वयंपाकघर रिकामं होतं. टेबलावर माझाच अर्धा प्यालेला चहा. खाली फरशी सपाट.

नात घरी आल्यावर तिने अंगठा बघितला. नख काळं पडलं होतं आणि रक्त आलं होतं. "कुठे ठेचलात एवढं?" ती म्हणाली. "इथे तर कुठे काही नाही." मग तिने कोमट पाण्यात माझा पाय धरला आणि लेकीने मागच्या खोलीला कुलूप लावलं. मला न दुखावता, हसत, तिथे पाल निघाली म्हणून.

८

आता मी त्या कुलपासमोर स्टूल टाकून बसतो. स्टूल त्यांनी बाहेर काढून दिलंय. कधी दाराला कान लावतो. टोपणाचा आवाज येत नाही. पण ती त्याच्याकडे कशी बघत होती हे मला दिसत राहतं, आणि त्यावर मी दिवस काढतो. तिला संशय आलाय. आज ना उद्या ती विचारेल.

काल उन्हं कलल्यावर लेकीने बळेच मला बाहेर चौकात नेऊन बसवलं. चष्मेवाले होते. इतक्या दिवसांत मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. सगळंच. चहा, फरशी, निळा कागद, खुर्चीतली पाठ. मधे एकदाही त्यांनी डॉक्टरांसारखी मान हलवली नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे तुम्हाला हे म्हातारचळ वाटत असणार.

ते म्हणाले, नाही वाटत. जन्मभर मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवले. चेहरा विसरेन, पण कुणाच्या नाकावर चष्म्याचा वण कुठे आहे ते मी विसरत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी येऊन बसलात तेव्हाच तुमचा वण दुसऱ्या जागी होता. मग जिन्याकडे बघत ते म्हणाले, की त्याच्या आधीही एकदा तो बदलला होता. पोरीने पहिल्यांदा हे डबे मांडले तेव्हा. तेही गृहस्थ असेच येऊन बसायचे आणि अगदी हेच सांगायचे. त्यांची नात त्यांना तिसऱ्याच नावाने हाक मारायची.

 खालून कुणीतरी सायकल जिन्यावर चढवत होतं, एकेक पायरी. मग मला एकच विचारायचं होतं ते मी विचारलं, की ते पहिल्यांदा मागच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा या पोरीने त्यांना ओळखलं का, हे आपले नव्हेत म्हणून.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि बाहीने पुसायला घेतला.

"नाही, मुकादम," ते म्हणाले. "तिने त्यांना चहा दिला आणि पुढची ओळ वाचायला सांगितली."